पात्रतेचा पुरावा कोणी द्यायचा?



शिष्यवृत्तीचा अर्ज हा विषय स्मृतिव्याख्यानासाठी फारच किरकोळ आहे, असे कोणालाही वाटेल. शैक्षणिक धोरण, विद्यापीठांची स्वायत्तता, भाषेचे माध्यम हे विषय व्यासपीठावर शोभून दिसतात. अर्ज, दाखले आणि मुदतवाढ हा कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनाचा प्रांत. पण गरिबाच्या मुलाला पैशावाचून शिक्षण सोडावे लागणार नाही, हे या राज्याने दिलेले वचन शेवटी त्या खिडकीतच पाळले जाते किंवा मोडले जाते. म्हणून आज मी त्या खिडकीबद्दलच बोलणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : आपली अर्जाची पद्धत गरज तपासत नाही, गरज सिद्ध करण्याची ऐपत तपासते. ही ऐपत गरिबीबरोबर घटत जाते. त्यामुळे मदत ज्यांच्यासाठी आहे त्यांतले सर्वांत गरजू लोकच बाहेर राहतात. यावर उपाय एकच. पात्रता शाबित करण्याचे ओझे मागणाऱ्याच्या डोक्यावरून उतरवून देणाऱ्याने, म्हणजे शासनाने, उचलले पाहिजे.

या मांडणीचे मूळ आपल्याच मातीत आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, हे सर्वांना माहीत असते. त्याच निवेदनात त्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांवरही टीका केली होती, तिकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसते, पण तिचा फायदा शिक्षणाची गोडी आधीच लागलेल्या वर्गांनाच होतो. म्हणून ज्यांच्यात विद्या पोचलेली नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सर्वांना सारखा लागू होणारा नियम सर्वांना सारखा पोचत नाही, ही गोष्ट जोतीरावांनी तेव्हाच ओळखली. आज शिष्यवृत्तीसाठी गुणांची स्पर्धा बऱ्याच अंशी संपली आहे. तिच्या जागी कागदांची स्पर्धा आली आहे, आणि तिचा निकालही पुष्कळदा तसाच लागतो.

मधल्या काळात आपण बरीच मजल मारली, हेही मान्य करायला हवे. एके काळी गरीब विद्यार्थ्याला माधुकरी मागावी लागे किंवा सात घरी सात वार लावून जेवावे लागे, आणि तीही सोय जातीच्या चौकटीत. पुढे संस्थानिकांचा आणि दात्यांचा आश्रय आला. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. त्यांची शिफारस करायला केळुसकर गुरुजींसारखा माणूस पुढे आला होता. असा शब्द टाकणारा ज्यांना भेटला नाही, त्यांची नोंद इतिहासात नाही. बाबासाहेबांनी पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न लावून धरला, आणि १९४४ मध्ये या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. एका राजाच्या औदार्यातून शिकलेल्या माणसाने त्या औदार्याची गरजच उरू नये, अशी व्यवस्था उभी करायला लावली. नंतर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वर्षाला बाराशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना ई.बी.सी.ची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची, फी-सवलत मिळाली. ग्रामीण महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी त्या सवलतीवर पदवीधर झाली. दानाचा असा हक्क झाला खरा. पण हक्कापर्यंत जाण्याची वाट अर्जातूनच राहिली, आणि ती वाट दर दशकाला अरुंद होत गेली.

ही वाट आज कशी आहे ते जवळून पाहू. राज्यातल्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज २०१७-१८ पासून महाडीबीटी या पोर्टलवर भरले जातात. अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला इतर मागास वर्गातला एक विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. त्याआधी तलाठ्याचा अहवाल लागतो. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, कॅप फेरीचे जागावाटपाचे पत्र, रेशनकार्ड, मध्ये एक वर्ष गेले असेल तर गॅप सर्टिफिकेट, वसतिगृहात राहत असेल तर तेथील दाखला, आणि आधारशी जोडलेले बँक खाते. यांतल्या जातीच्या पुराव्याचेच बघा. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद दाखवावी लागते. विमुक्त व भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाने आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा शोधायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद, कोतवाल बुक, जुना फेरफार यांच्यामागे लागायचे. ज्या घरात तीन पिढ्या शिक्षण आहे तिथे हा उतारा कपाटात असतो. ज्या घरातला हा पहिलाच मुलगा कॉलेजात चालला आहे, त्या घराकडून आपण आजोबांच्या शाळेचा पुरावा मागतो. पोटाच्या मागे ज्यांनी गावे बदलली त्या भटक्या जमातींकडून एका गावातली साठ वर्षांपूर्वीची नोंद मागतो.

कागद जमले तरी काम संपत नाही. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्क लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग संबंधित खात्याच्या डेस्कवर. कुठेही नावातला काना-मात्रा जुळला नाही, दाखल्याची मुदत उलटलेली निघाली, स्कॅन पुसट आले, की अर्ज परत येतो, आणि परत आल्याचा निरोप पाहायला पुन्हा लॉगिन करावे लागते. ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या घरात तो मोबाइल वडिलांकडे असतो, आणि वडील दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा उत्तर कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलेले असतात. फडात रेंज नसते, मुलगी नेट कॅफेत बसलेली असते, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते. या गाळणीतून काय गाळले जाते? त्या मुलीची गरज तर शंभर टक्के आहे, पण गरज सिद्ध करण्यासाठी लागणारा मोबाइल, बसभाडे, बुडणारी मजुरी आणि साहेबापुढे उभे राहण्याचा धीर तिच्याकडे कमी आहे. पगारदार बापाला उत्पन्न दाखवायला फॉर्म १६ चा एक कागद पुरतो. ज्याचे उत्पन्न पावसावर आणि मुकादमाच्या उचलीवर आहे, त्याला ते कोणाच्या तरी सहीने सिद्ध करून घ्यावे लागते. उत्पन्न जितके कमी आणि अनिश्चित, तितका त्याचा पुरावा अवघड, असा हा उलटा न्याय आहे.

त्यात वेळेचा प्रश्न वेगळाच. शिकायचे की नाही, कुठे शिकायचे, हा निर्णय घर निकालानंतरच्या दोन महिन्यांत घेते. शिष्यवृत्तीचे अर्ज त्यानंतर सुरू होतात, मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पुढे सरकतात आणि रक्कम खात्यावर यायला अनेकदा पुढचे शैक्षणिक वर्ष उजाडते. शिष्यवृत्तीधारकाकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागू नये, असे शासन कॉलेजांना बजावते. पण शासनाकडून येणे थकलेले कॉलेज ते येणे विद्यार्थ्याच्या नावावर मांडते, आणि त्याची गुणपत्रिका किंवा टीसी अडकते. केंद्राच्या सुधारित पद्धतीत फीचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात आणि त्याने ते कॉलेजात भरायचे असतात. हेतू चांगला आहे, पण राज्याने आपला वाटा दिल्याशिवाय केंद्राचा साठ टक्के वाटा सुटत नाही, आणि दोन हप्त्यांमधल्या काळात थकबाकीदार ठरतो तो विद्यार्थी. शेवटी हाती पडणारी रक्कमही पाहण्यासारखी आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत घरून ये-जा करणाऱ्या बी.ए.च्या विद्यार्थ्याचा निर्वाहभत्ता वर्षाला ३,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला अडीचशे. या योजनेची अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा २०१३-१४ पासून हललेली नाही. इतक्या उशिरा आणि इतकी बेभरवशाची येणारी मदत प्रवेशाचा निर्णय बदलू शकत नाही. ज्यांनी कर्ज काढून किंवा दागिना मोडून आधीच प्रवेश घेतला, त्यांना ती मागाहून थोडा दिलासा देते, इतकेच.

यावर नेहमीचे उत्तर असते जनजागृतीचे. योजना आहेत, मुलांना माहीत नाहीत, फलक लावा, मेळावे घ्या. हे उत्तर तपासून पाहता येते, आणि ते अमेरिकेत तपासले गेले आहे. तिथेही सरकारी मदतीसाठी फाफ्सा नावाचा लांबलचक अर्ज भरावा लागतो. २००८ मध्ये ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत एरिक बेटिंजर, ब्रिजेट लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. अल्प उत्पन्नाची जी कुटुंबे कराचे विवरण भरायला कर-सल्लागार कंपनीच्या कार्यालयात आली, त्यांतल्या काहींचा अर्ज करविवरणातल्याच माहितीवरून तिथल्या तिथे भरून दिला. काहींना फक्त किती मदत मिळू शकेल याची माहिती दिली. ज्यांचा अर्ज भरून दिला त्या घरांतल्या बारावीच्या मुलांचे कॉलेजात जाण्याचे प्रमाण ३४ वरून ४२ टक्क्यांवर गेले. ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यात लक्षणीय फरक पडला नाही. दुसरा प्रयोग मिशिगन विद्यापीठाचा. सुसान डायनार्स्की आणि सहकाऱ्यांनी हुशार पण गरीब विद्यार्थ्यांना पत्र पाठवले : तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, त्यासाठी मदतीचा वेगळा अर्ज भरायला नको. यांतल्या बहुतेकांना नेहमीच्या मार्गानेही जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. तरीही पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्के विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडे प्रवेशाचा अर्ज केला. पत्र न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. रक्कम जवळजवळ तीच होती. फरक पडला तो दोन गोष्टींनी : हमी आधी मिळाली आणि पुरावा मागितला गेला नाही. अमेरिकेचे आकडे महाराष्ट्राला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हे उघड आहे. पण जिथे बहुतेकांच्या उत्पन्नाची नोंद कर खात्याकडे असते, तिथेही अर्ज एवढा आडवा येतो. मग जिथे ती नोंदच मजुराने मिळवून आणायची, तिथे काय होत असेल?

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप गैरव्यवहाराचा. कागद सैल केले की बोगस लाभार्थी घुसतील, अशी भीती प्रामाणिक प्रशासकालाही वाटते. ती खोटी नाही. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती घोटाळ्याच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले होते. २०२३ मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने १,५७२ संस्थांची तपासणी केली तेव्हा ८३० संस्थांमध्ये बनावट लाभार्थी सापडले, १४४.८३ कोटी रुपयांचे नुकसान निघाले आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. पण हे पैसे काढले कोणी आणि कसे? कागद तर तिथे सगळे होते. बनावट विद्यार्थ्याचे कागद खऱ्या विद्यार्थ्यापेक्षा नीटनेटके असतात, कारण ते तयार करणाऱ्याचा तो धंदाच असतो. अशी लूट संस्था, दलाल आणि पडताळणी करणारे यांच्या संगनमताने होते. एकट्या विद्यार्थ्याला ती जमणारी नाही. तिला आळा बसतो तो संस्थांची प्रत्यक्ष तपासणी, पटावरची हजेरी आणि नंतरचे लेखापरीक्षण यांनी. लाखो खऱ्या विद्यार्थ्यांकडून आणखी एक दाखला मागवून तो बसत नाही. शिवाय विश्वास टाकण्याचा अनुभव शासनाला आहेच. २०१५ मध्ये अनेक कामांसाठी स्टॅम्पपेपरवरच्या प्रतिज्ञापत्राची जागा स्वयंघोषणापत्राने घेतली आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी स्वसाक्षांकन चालू लागले. त्याने राज्याचा कारभार कोलमडला नाही.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. सगळे पात्र विद्यार्थी आले तर पैसा कुठून आणणार? हा प्रश्न रास्त आहे, पण तो कबुलीजबाबही आहे. पात्र माणसे अर्जात अडखळून गळतील, या हिशेबावर योजनेची तरतूद बसत असेल, तर ती बचत सर्वांत गरिबांच्या खिशातून होते आहे. पैसा कमीच असेल तर उत्पन्नमर्यादा किती असावी, कोणत्या अभ्यासक्रमाला किती द्यावे, यावर विधिमंडळात उघड चर्चा व्हावी. मर्यादा मोठी ठेवून श्रेय घ्यायचे आणि वाट अरुंद ठेवून खर्च वाचवायचा, हे बरोबर नाही. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. निर्णय स्वागतार्ह आहे. पण त्याचे मोल किती मुलींची फी माफ होऊ शकते यावरून ठरणार नाही. किती जणींची प्रवेशाच्या दिवशीच माफ झाली, यावरून ठरेल.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो आपल्या परंपरेचा आधार घेऊन येतो. फुकट मिळाले की किंमत राहत नाही. चार हेलपाटे घातले तर मुलगा जगात वागायला शिकेल. कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' सांगितले, मागा आणि मिळवा सांगितले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव इथे घेतले जाते म्हणून त्यांची पद्धत नीट पाहिली पाहिजे. त्यांनी खेड्यापाड्यांतून मुले शोधून साताऱ्याच्या वसतिगृहात आणली, जातीपातीचा विचार न करता एका पंक्तीला बसवली, आणि मग त्यांच्याकडून शेतीचे, बांधकामाचे काम करून घेतले. दार आधी उघडले, श्रम नंतर मागितले. शिवाय त्या श्रमातून विहीर झाली, इमारत उभी राहिली, मुलाच्या हाताला कसब आले. तहसील कचेरीतल्या रांगेत उभे राहून कोणते कसब येते? आणि हेलपाट्यांनी माणूस घडत असेल, तर सधन घरातल्या मुलांना त्या संस्कारापासून आपण वंचित का ठेवतो?

चौथा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो : पोर्टल सुधारतेच आहे, थोडा धीर धरा. सुधारणा झाल्या आहेत, हे खरे. उत्पन्नाच्या दाखल्याचा बारकोड टाकला की त्यातली माहिती पोर्टल आपोआप भरून घेते. पण हेच उदाहरण माझ्या बाजूने बोलते. दाखला शासनाचा, पोर्टल शासनाचे, आणि दोन्हींच्या मधला हमाल विद्यार्थी. जी माहिती यंत्र स्वतः उचलू शकते ती आणून देण्यासाठी माणसाला का फिरवायचे? आणि नुसते पोर्टल बदलून भागत नाही, याचा धडाही अमेरिकेतच मिळाला. २०२३ च्या डिसेंबरअखेर तिथे फाफ्साचा सोपा अवतार आला. शंभरावर असलेले प्रश्न बरेच कमी झाले. पण तो उशिरा आला, तांत्रिक बिघाडांनी भरलेला होता, आणि त्या वर्षी अर्ज पूर्ण करणाऱ्यांची संख्या उलट घटली. प्रश्न कमी केले, पण यंत्र बिघडले तर त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे ठरवले नव्हते. तो विद्यार्थ्यांनीच सोसला.

म्हणून माझ्या मागण्या पोर्टलच्या रचनेविषयी नाहीत; ओझे कोणाचे, याविषयी आहेत. पहिली अशी की, जी माहिती शासनाच्या कोणत्याही खात्याकडे आहे ती विद्यार्थ्याकडून मागू नये. शाळेतला प्रत्येक विद्यार्थी 'सरल' प्रणालीत नोंदलेला आहे, बोर्डाच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आहेत, शिधापत्रिका पुरवठा खात्याकडे आहे, सख्ख्या भावाचे जात वैधता प्रमाणपत्र समितीच्या दप्तरात आहे. त्यावरून पात्रता गृहीत धरावी, आणि शंका असेल तर ती शासनाने सिद्ध करावी. दुसरी मागणी वेळेची. दहावी आणि बारावीच्या निकालाबरोबर अशा प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी मराठीत, दोन परिच्छेदांचे हमीपत्र जावे : तुमची फी शासन भरेल, निर्वाहभत्ता इतका मिळेल, प्रवेश घेताना हे पत्र दाखवा. तिसरी मागणी विलंबाची. ठरलेल्या दिवसांत अर्जावर निर्णय झाला नाही तर तो मंजूर मानावा. सोसायट्यांसाठी मानीव अभिहस्तांतरण कायद्यात बसते, तर विद्यार्थ्यासाठी मानीव मंजुरी का बसू नये? आणि शासनाकडून येणे असलेल्या रकमेसाठी कॉलेजला विद्यार्थ्याचा एकही कागद अडवता येऊ नये. चौथी मागणी माणसाची. ओहायोत फरक पडला तो शेजारी बसून अर्ज भरून देणाऱ्या माणसामुळे. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात हे काम एका कर्मचाऱ्याकडे पूर्ण वेळ असावे, आणि किती पात्र विद्यार्थ्यांचे अर्ज राहून गेले, यावर त्याच्या कामाचे मोजमाप व्हावे. आज खाती आलेल्या अर्जांची संख्या सांगतात. न आलेल्या अर्जांचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही.

यांतल्या पहिल्या तिन्ही मागण्यांना शासन निर्णय लागेल आणि तो होईपर्यंत काळ जाईल. चौथीला लागणार नाही. इथे शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी आहेत, प्राचार्य आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, कचेऱ्यांत हयात घालवलेली मंडळी आहेत. पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांनी दाखवून दिले आहे की, खेड्यातून आलेल्या मुलाला राहण्या-जेवण्याची सोय आणि पाठीशी उभा राहणारा माणूस मिळाला तर तो शिकतो. आपापल्या कनिष्ठ महाविद्यालयाचा बारावीचा पट घ्या, पात्र मुलांची यादी निकालाआधी करा आणि एकेकाला बोलावून घ्या. त्याने यायची वाट पाहू नका. जून महिन्यात त्या यादीतले किती अर्ज भरून झाले, याचा आकडा सूचना फलकावर लावा. जोतीरावांनी १८८२ मध्ये जे दाखवून दिले त्याचा आजचा अर्थ एवढाच निघतो : आधीच पोचलेल्यांनाच जी मदत पोचते, तिला पुरस्कार म्हणता येईल, मदत म्हणता येणार नाही.